धुराचे जाणकार कसे व्हावे

एखादा मित्र दुबईच्या ड्यूटी फ्रीमधून लाफ्रॉइग व्हिस्कीची हिरवी बाटली आणेल आणि निवडक चौघांना घरी बोलावेल. त्या चौघांत तुमचं नाव असेल, तर चेहऱ्याचा सराव आधीच करून जा. बूच निघालं की खोलीत सरकारी दवाखान्यातल्या ड्रेसिंग रूमचा वास पसरेल. टिंक्चर आयोडीन, ओलं बँडेज आणि मागे कुठेतरी विझत आलेली शेकोटी. इथे नाक मुरडलंत की संपलात. डोळे मिटा, ग्लास नाकाशी न्या, तोंड किंचित उघडं ठेवा. (यानं अल्कोहोल नाकाला कमी झोंबतं. भारावल्यासारखं दिसतं, हा वरचा फायदा.) मग हळूच म्हणा, 'अस्सल आयला.' स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या या बेटाचं नाव निघालं की यजमान सुखावतो.

आता हा वास कुठून आला, तेही पाठ असू द्या. बेटावर जळाऊ लाकडाची वानवा, आणि पीट मात्र मुबलक. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ आणि झुडपं शतकानुशतकं अर्धवट कुजून साठलेला काळा थर. तो वाढतो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. कुदळीनं त्याच्या विटा काढायच्या, वाळवायच्या आणि मोड आलेल्या ओल्या बार्लीखाली पेटवायच्या. धुरातली फिनॉल द्रव्यं दाण्याच्या टरफलाला चिकटतात आणि पुढची दहा वर्षं ओकच्या पिंपात काढूनही पुरती जात नाहीत. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक ॲसिड. 1865 साली ग्लासगोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टरनं जखमा धुवायला वापरलं ते हेच. म्हणजे तुमच्या नाकानं पहिल्याच दमात बिनचूक निदान केलं होतं. तरी ते बोलून दाखवू नका. 'दवाखाना' म्हणणारा गावंढळ ठरतो आणि 'फिनॉलिक' म्हणणारा जाणकार.

हाच नियम पुढेही चालवा. ग्लासात सुक्या बोंबलाची झाक लागेल. लागू द्या, पण उच्चार 'मरीटाइम' असाच हवा. शेजारी बोंबील भाजतात म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार करणारे गृहस्थ इथे त्याच वासापुढे मान डोलावताना तुम्हाला दिसतील. त्यांच्याकडे बघून हसू नका. त्यांनी एका पेगचे दीड हजार मोजायला सुरुवात केलेली असते.

मग येतात आकडे. धूर 'पीपीएम'मध्ये मोजतात, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे भाग किती. लॅगावुलिनची बार्ली पस्तिसाच्या आसपास, आर्डबेगची पंचावन्न, आणि ऑक्टोमोरच्या एका बॅचची तर 309 च्या वर गेली होती. हे आकडे भाव सांगितल्यासारखे ठणकावून सांगा. मोजमाप बार्लीचं असतं, बाटलीचं नव्हे, आणि दळण, आंबवण, ऊर्ध्वपातन यांत त्यातलं बरंचसं वाटेतच गळून जातं, ही क्षुल्लक बाब मात्र सांगत बसू नका. मैफलीचा विरस होतो.

एका सापळ्यापासून जपा. ऑक्टोमोर काढणारी ब्रुकलॅडी डिस्टिलरीच 'क्लासिक लॅडी' नावाची बिनधुराची व्हिस्कीही काढते. एखादा खट यजमान बाटली न दाखवता ती ओततो आणि सांगतो, 'आयलाची आहे.' मग चौघांनाही धूर लागतो. एकाला तर डांबर लावलेल्या जहाजी दोराचा वास येतो. त्यानं उभ्या आयुष्यात भाऊच्या धक्क्यावरची लाँच सोडली तर दुसरं जहाज पाहिलेलं नसतं.

पाणी? थेंब-थेंब, ड्रॉपरनंच. (मुळात पाण्यानं वास खरंच खुलतो; पण ड्रॉपर नसेल तर कोण बघणार?) बर्फ मागाल तर पुन्हा बोलावणं नाही. सोडा मागाल तर पत्नीलाही फोन जाईल. चकल्या आणि मसाला शेंगदाणे दृष्टिआड ठेवलेले असतात. आयलावर म्हणे कालवांच्या शिंपलीतच थोडी व्हिस्की ओतून खातात. हे ऐकून रत्नागिरीचा कुणी उत्साहानं 'आमच्याकडे पण कालवं...' म्हणून सुरू झाला, तर त्याला टेबलाखालून पाय मारा.

जमल्यास स्थावर मालमत्तेचाही उल्लेख करा. लाफ्रॉइगच्या चाहत्यांच्या क्लबात नाव घातलं की बेटावर एक चौरस फूट जमीन आजन्म भाडेपट्ट्यानं मिळते, आणि वर्षाचं भाडं म्हणून एक पेग. तो घ्यायला मात्र डिस्टिलरीत स्वतः जावं लागतं. 'स्कॉटलंडला थोडी जागा आहे' हे वाक्य लग्नकार्यात फार उपयोगी पडतं. सातबारा कोणी मागत नाही.

आणि कुणी प्रकृतीचा मुद्दा काढलाच, तर त्याला गप्प करायला कायदा तुमच्या बाजूला आहे. महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना कागदोपत्री आजही आरोग्य राखण्यासाठीच मिळतो. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा लाफ्रॉइगही औषध म्हणूनच आत गेली, असं सांगतात. वास घेणाऱ्या कस्टमवाल्याला शंका आली नसावी.

तासाभरात बाटली तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरली की यजमान ती अलगद नळकांड्यात घालून कपाटात ठेवतो आणि नेहमीची ब्लॅक लेबल बाहेर काढतो. तेव्हा सुटकेचा नि:श्वास टाकू नका. सोडा घ्या, बर्फ घ्या, शेंगदाण्यांची बशी पुढे ओढा. फक्त पहिल्या घोटानंतर क्षणभर थांबून म्हणा, 'मागे कोल इला जाणवतेय.' आयलाचीच ही व्हिस्की त्यात खरंच मिसळलेली असते.