मोठा मांसप्रक्रिया कारखाना आणि खानदेशाचे ‘सोने’ : एक प्रतिवाद

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : अमेरिकेत मोजके प्रचंड कारखाने साऱ्या देशाला मांस पुरवतात; कोंबडीच्या मांसाचा तसा एक कारखाना खानदेशात उभा राहिला, तर हजारो तरुणांना चांगल्या पगाराची नोकरी मिळेल, यंत्रांमुळे काम सुरक्षित होईल, गटारीशेजारच्या दुकानांऐवजी निर्जंतुक मांस मिळेल, पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्याला हमखास भाव मिळेल आणि तालुक्याचे सोने होईल. मांस खावे की खाऊ नये, हा येथे वादाचा विषय नाही. कारखाना नकोच, असेही माझे म्हणणे नाही. मात्र मजकुराने दाखला अमेरिकेचा दिला आहे आणि तो दाखला नेमकी उलटी साक्ष देतो. त्या देशात या धंद्यातून कामगाराला, ग्राहकाला वा गावाला जे काही चांगले मिळाले, ते संघटनेच्या, कायद्याच्या आणि तपासनिसाच्या जोरावर मिळाले, आणि तो जोर ओसरला तसे त्यातले बरेचसे गेलेही.

पहिला दावा पगाराचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील मांसकामगाराला इतर कारखान्यांतील कामगाराच्या तोडीचा, कधी त्याहून सरस पगार मिळे, कारण कामगार संघटना मोठ्या कंपन्यांशी एकाच धर्तीचे करार करीत असत. १९६० मध्ये आयोवा राज्यात आयबीपी ही मांस कंपनी निघाली. तिने कारखाना शहरातून काढून खेड्यात, जनावरांच्या जवळ नेला आणि कुशल खाटकाचे काम लहान लहान कापांत तोडून टाकले. जे काम चार दिवसांत शिकता येते, ते करणारा माणूसही चार दिवसांत बदलता येतो, हे त्यामागचे गणित होते. मग बाकीच्या कंपन्यांनाही मजुरीचे दर उतरवावे लागले. मिनेसोटातील ऑस्टिन गावी हॉर्मेल कंपनीने ताशी १०.६९ डॉलरची मजुरी ८.२५ डॉलरवर आणली, तेव्हा १९८५ च्या ऑगस्टमध्ये सुमारे दीड हजार कामगार संपावर गेले आणि तो संप फसला.

खानदेशात ही परिस्थिती आधीपासूनच तयार आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दर हंगामाला गुजरातेत जातात. अशा भागात कारखान्याला चांगला पगार देण्याची गरजच पडत नाही. भरती ठेकेदारामार्फत झाली, की हजेरीपट कोणाचा, भविष्य निर्वाह निधी कोणी भरायचा आणि बोट तुटले तर दवाखान्याचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा, याचे उत्तर कोणाकडेच नसते. अमेरिकेत रात्री कारखाने धुण्याचे काम असेच बाहेरच्या कंपनीकडे दिलेले असते. अशाच एका कंपनीने आठ राज्यांतील १३ कारखान्यांत १३ ते १७ वर्षे वयाची १०२ मुले कामाला लावली होती, असे २०२३ मध्ये तेथील कामगार खात्याने जाहीर केले आणि सुमारे १५ लाख डॉलर दंड केला. ही मुले घातक रसायने हाताळून, मांस कापण्याची यंत्रे आणि करवती धूत होती. ज्यांच्या कारखान्यांत ती राबत होती, त्या मांस कंपन्यांना हा दंड झाला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यंत्रांमुळे काम सुरक्षित होते, हा दुसरा दावा ज्याने हे काम जवळून पाहिले आहे तो करणार नाही. कापणीच्या खोलीत पायाखाली ओली फरशी आणि अंगावर शीतगृहाची थंडी असते. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात जाळीचा हातमोजा घातलेला माणूस टांगून येणाऱ्या पक्ष्याला ठरलेला एकच काप देतो, आणि दिवसभरात हजारो वेळा देतो. यंत्र पक्षी पुढे ढकलते, काप मात्र माणसालाच घ्यावा लागतो. म्हणजे यंत्राने त्याचे श्रम उचललेले नाहीत, त्याचा वेग ठरवला आहे. मनगटाची नस दाबली जाऊन बोटे बधिर होणे हा तेथला नेहमीचा आजार आहे. अमेरिकेत पक्षी टांगून पुढे नेणाऱ्या या साखळीला मिनिटाला १४० पक्षी, आणि खास परवानगी असल्यास १७५ पक्षी, अशी मर्यादा आहे. पण ती घातली गेली मांस तपासण्याच्या सोयीसाठी. कामगाराचे मनगट त्या हिशेबात नव्हतेच. करोनाकाळात २८ एप्रिल २०२० रोजी तेथील राष्ट्राध्यक्षांनी हे कारखाने चालू राहावेत असा आदेश काढला. पुढे संसदेच्या समितीने पाच मोठ्या कंपन्यांचा पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा किमान ५९,००० कामगार बाधित आणि किमान २६९ मृत, असे आकडे निघाले.

स्वच्छतेच्या मुद्द्यावर मजकूर अर्धा खरा आहे. आपल्याकडची कित्येक चिकनची दुकाने पिसे आणि आतडी नाल्यात लोटतात, आणि परवाना असो वा नसो, तपासायला फारसे कोणी फिरकत नाही. परंतु दुकानातली चूक त्या दुकानाच्या गिऱ्हाइकांपुरती राहते. कारखान्यात अनेक जनावरांचे मांस एकत्र दळले जाते, आणि एका जनावराच्या आतड्यातला जंतू गाडीगाडीने दूरदूरच्या शहरांत पोहोचतो. १९९३ मध्ये अमेरिकेत हॅम्बर्गर विकणाऱ्या एका उपाहारगृह-साखळीच्या अर्धकच्च्या मांसातून ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. मांसतपासणीचे नियम त्यानंतर कडक झाले. मूळ तपासणी कायदाही १९०६ चा, आणि तोही शिकागोच्या कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आल्यावरचा. निर्जंतुक मांस यंत्राबरोबर आपोआप आले नाही.

आता शेतकऱ्याचा भाव. ब्रॉयलरच्या करारात पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते. शेड, वीज, पाणी, तूस आणि मजुरी शेतकऱ्याची. चाळीसेक दिवसांनी गाडी येऊन पक्षी उचलते आणि वजनावर ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवण्याचा मोबदला, मिळतो, ज्यात किती खाद्यात किती वजन आले यावरून कपात होते. पिल्ले अशक्त निघाली किंवा खाद्य हलके आले तरी कपात त्याचीच. मे महिन्यात रावेर-यावलचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा पाण्याचे तुषार सोडणारे फॉगर आणि पंखे रात्रंदिवस चालवण्याचे बिल कोणाचे असते, हे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला विचारावे. शिवाय भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरातच झाला, पुढच्या महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात आढळला आणि २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा आला. करारातले पक्षी कंपनीचे असतात. ते मारून पुरावे लागले तर शेडवाल्याला काय मिळणार, हे लिहिलेले नसेल तर त्याच्याकडे उरतो तो फक्त बँकेचा हप्ता. परिसरात घेणारा एकच असला की घासाघीस संपते. अमेरिकेत गोमांसासाठीच्या पोसलेल्या जनावरांपैकी सुमारे ८५ टक्के जनावरे चार कंपन्या घेतात. ग्राहकाचाही त्यात फायदा झाला असे नाही : चिकनचे भाव संगनमताने ठरवल्याची कबुली देऊन पिलग्रिम्स प्राइड या कंपनीने २०२१ मध्ये दहा कोटी डॉलरहून अधिक दंड भरला.

तालुक्याच्या विकासाबद्दल बोलताना मजकूर पाण्याचा उल्लेखच करीत नाही. एका कोंबडीमागे साधारण २० ते ३० लिटर पाणी लागते. दिवसाला एक लाख पक्षी कापले तर रोजचे २० ते ३० लाख लिटर पाणी लागेल, आणि तेवढेच रक्त-चरबीचे सांडपाणी निघेल. गिरणा धरणाच्या आवर्तनावर पिके आणि पिण्याच्या योजना जगवणाऱ्या भागात हे पाणी कोणाच्या वाट्यातून येणार? दुसरे असे की एकाच कारखान्यावर गाव उभे केले, तर तो बंद करण्याचा निर्णय गावाच्या हातात राहत नाही. आयोवातील पेरी या सुमारे आठ हजार वस्तीच्या गावातला टायसन कंपनीचा कारखाना २०२४ मध्ये बंद झाला आणि जवळपास १,३०० नोकऱ्या एकदम गेल्या. कापडगिरणीचा भोंगा थांबल्यावर काय होते, हे धुळे-अमळनेरकरांना सांगण्याची गरज नाही.

‘प्रश्न विचारणारे विकासाचे वैरी’ हे मजकुराचे शेवटचे वाक्य उत्तर देण्याच्या लायकीचे नाही. ग्रामसभेने ना हरकत दाखला देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात : कायम आणि ठेक्यावरचे कामगार किती, साखळीचा वेग किती, शेतकऱ्याच्या कराराचा मराठी मसुदा, आणि पाणी कोठून घेणार व सांडपाणी कोठे सोडणार.