ऑप्शन फॉर्म, युनिट ४४

कोलोरॅडोत मार्च महिन्यात माणसं दोन कारणांनी चिडचिडी होतात. एक इन्कम टॅक्स, दुसरं हरिण. टॅक्सचं काम निदान पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालता येतं. हरणाच्या शिकारीच्या परवान्याचा फॉर्म मात्र बहुतेकजण स्वतःच भरतात, एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठच्या आत. तोपर्यंत घरच्यांनी त्या माणसाच्या वाटेला जाऊ नये हे उत्तम.

हरिण म्हणजे म्यूल डिअर. खेचरासारखे लांबरुंद कान, शेपटीला काळं टोक, आणि नराची शिंगं अशी की एका फांदीच्या दोन होतात, मग त्या दोघींच्याही दोन. पळताना ते धावत नाही, चारही पाय एकदम जमिनीवर आपटत उड्या मारत डोंगर चढतं. आणि बऱ्याचदा वर पोचल्यावर थांबून मागे वळून बघतं. हा त्याचा स्वभावदोष. या एका सवयीपायी कितीजण खानदानी भिंतींवर जाऊन बसले असतील, देव जाणे.

मी मूळचा सोलापूरचा, नोकरीने डेन्व्हरचा. आमच्या पिढीत शिकार म्हणजे कुणाच्या तरी आजोबांच्या न तपासता येणाऱ्या गप्पा. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो विषय मिटला. गंमत बघा, त्याच १९७२ साली इथे कोलोरॅडोत, डोलोरेस काउंटीत, डग बरिस ज्युनियर नावाच्या शिकाऱ्याने एक नर मारला. त्याच्या शिंगांचं माप २२६ ४/८ इंच. ‘टिपिकल’ म्हणजे सुबक, दोन्हीकडे सारख्या शिंगांच्या वर्गात हा जागतिक विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. आपल्या बंदुका माळ्यावर गेल्या त्या वर्षीचा विक्रम इथे पन्नास वर्षं उलटून गेली तरी कुणाला मोडता आलेला नाही. तरी दर मार्चमध्ये लाखो लोकांना वाटतं की यंदा आपणच.

मापाचंही एक शास्त्र आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब ते ठरवतो. शिंगं आधी साठ दिवस वाळवायची. मग मुख्य दांडे, प्रत्येक फांदी, ठरावीक जागचे घेर, दोन दांड्यांमधलं आतलं अंतर, हे सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायचं आणि बेरीज करायची. टिपिकल वर्गात डावं-उजवं सारखं नसेल तर जेवढा फरक तेवढे इंच वजा. क्लबच्या कायमच्या यादीत नाव हवं तर १९० इंच लागतात. मी पेपरातली बोर्डाची गुणवत्ता यादी वाचत वाढलेला माणूस. अष्टमांशाने पोरगं यादीतून बाहेर राहणं मला आतून समजतं.

तर प्रश्न असा की असला नर कुठे मिळतो? इथे आमचे पाटील येतात. हे ऑफिसातले माझे सहकारी, गोरेपान, मॉन्ट्रोझकडचे. पण हॅटची ऐट, आवाजाची पट्टी आणि दुसऱ्याच्या जमिनीबद्दलची बारीकसारीक माहिती बघून मी मनातल्या मनात त्यांचं बारसं करून टाकलं. पाटलांना मी भाबडेपणाने विचारलं, “चांगली जागा कुठली?” पाटलांनी कॉफीचा घोट घेतला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, “वेस्टर्न स्लोप.” म्हणजे अर्धं राज्य. मागे त्यांच्या टेबलावरच्या फोटोतल्या धिप्पाड नराबद्दल विचारलं होतं की हा कुठे मिळाला. उत्तर होतं, “मानेच्या जरा खाली.”

मग मला सरकारी पुस्तिका वाचाव्या लागल्या, आणि पहिल्यांदा आपण घरी आल्यासारखं वाटलं. कारण हा सगळा प्रकार म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा कॅप राउंड आहे. शब्दशः. राज्याचे दीडशेच्या वर तुकडे केलेत, त्यांना युनिट म्हणतात. प्रत्येक युनिट, सीझन आणि हत्याराला एक कोड. डी-एम-०४४-ओ३-आर. डी म्हणजे डिअर, एम म्हणजे नर, ०४४ हे युनिट, ओ३ म्हणजे तिसरा सीझन, आर म्हणजे रायफल. एक अंक चुकला की तुम्ही हरणाऐवजी भलत्याच डोंगरावर भलत्याच महिन्यात भाला... नव्हे, तिरकमठा घेऊन उभे. फॉर्मवर चार पसंत्या. गेल्या वर्षीचे कट-ऑफ छापलेले असतात. ज्याचा नंबर लागत नाही त्याला एक पॉइंट मिळतो, पुढच्या वर्षी तो वर सरकतो. पहिल्या पसंतीला परवाना लागला की साठवलेले सगळे पॉइंट गेले, शून्यावर. दुसऱ्या पसंतीला लागला तर पॉइंट शाबूत. आमच्या वेळी यालाच ‘पहिला ऑप्शन लागला की सीट फ्रीझ’ म्हणत, आणि त्या भीतीने मुलं रात्र रात्र जागत.

४४ म्हणजे ईगलच्या आसपासचा मुलूख. नोव्हेंबरातल्या तिथल्या परवान्यासाठी माणसं पॉइंट साठवत म्हातारी होतात. पाटलांनी साठवायला सुरुवात केली तेव्हा त्यांची मुलगी बालवाडीत होती. आता तिचं लग्न ठरलंय. कट-ऑफ मात्र दरवर्षी एक घर पुढे सरकतो, कारण पाटलांच्या पुढे असलेले सगळेही तेवढ्याच निष्ठेने साठवतायत. याला इथे ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. तुम्ही जिना चढता, आणि जिनाही चढतो.

शेजारची राज्यं बघावीत म्हटलं तर प्रत्येकाचा कारभार वेगळा. नेवाडा तुमच्या पॉइंटचा गणितातला वर्ग करतं. आयडाहोत पॉइंटच नाहीत, निव्वळ नशीब. युटातली हेन्री माउंटन्स आणि ॲरिझोनातली स्ट्रिप ही नावं शिकारी लोक आवाज खाली आणून घेतात. तिथला परवाना बाहेरच्या माणसाला या जन्मात लागला तर लागला. वायोमिंगचा नियम मला सर्वांत आवडला: बाहेरच्या राज्यातला माणूस तिथल्या संरक्षित केंद्रीय अरण्यात एकटा हिंडू शकतो, तंबू ठोकू शकतो, हरणाचे फोटो काढू शकतो. पण हरिण मारायचं म्हटलं की सोबत गाइड, नाहीतर तिथला परवानाधारक रहिवासी हवा. अस्वलापुढे एकटं गेलेलं चालतं.

आता तक्ते. पुस्तिका वाचून झाल्यावर माणूस तक्त्यांच्या नादी लागतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेकांचं वाटोळं तिथेच होतं. पहिला तक्ता यशाचा: या युनिटमध्ये शंभरातल्या इतक्यांना हरिण मिळालं. पण त्या शंभरातलं कुणी दोन फांद्यांचं पोरगेलं हरिण आणलं की कुणी आजोबा, हे त्यात नसतं. दुसरा तक्ता नर-मादी प्रमाणाचा: शंभर माद्यांमागे नर किती. हा आकडा मोठा दिसला की नवखा माणूस उडी मारतो. पण ते नर सगळे दीड-दोन वर्षांचे टोणगे असले तरी प्रमाण झकासच दिसतं. मोठी शिंगं यायला नराला पाच-सहा वर्षं जगावं लागतं, आणि तेवढं जगू देणारी जागा हीच चांगली जागा. ती अशी का असते? परवाने कमी असतात, किंवा डोंगर इतका उभा असतो की माणसं गाडीपासून दूर जात नाहीत, किंवा वाटेत खाजगी जमीन असते. शिंगं ठरतात ती वय, चारा आणि वंश यांवर. या तिन्हींपैकी नकाशावर थोडाफार अंदाज येतो तो फक्त वयाचा, आणि तोही आडवाटेने.

शिवाय हवामान. २०२२-२३ चा हिवाळा कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यात आणि वायोमिंगच्या नैर्ऋत्येला असा पडला की बर्फाखाली चाराच सापडेना, आणि हरणं कळपांनी मेली. त्या वर्षी जन्मलेलं जवळजवळ काहीच जगलं नाही अशा जागा होत्या. म्हणजे जुना कट-ऑफ पाहून आज त्या बाजूचं युनिट निवडणारा माणूस एका पिढीची जागा रिकामी असलेला वर्ग बघायला चाललाय. जे नर त्यातून तगले ते मात्र पक्के. असे हिशेब मी एक्सेलमध्ये मांडायला लागलो तेव्हा बायकोने एकदा मागून वाकून बघितलं आणि विचारलं, “हे होम लोनचं आहे का?”

आणि सगळ्यात मोठी चेष्टा ही, की हरिण युनिटमध्ये राहतच नाही. उन्हाळ्यात ते अकरा-बारा हजार फुटांवर, झाडं संपतात तिथे. बर्फ पडलं की खाली, सेजब्रशच्या माळांवर आणि पिन्यन-जुनिपरच्या खुरट्या रानात. वायोमिंगमध्ये रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत कळपाची दीडशे मैलांची वाट शास्त्रज्ञांनी हरणांच्या गळ्यात माग काढणारे पट्टे घालून शोधून काढली. आपण ज्या युनिटसाठी पॉइंट जाळले त्याचा नर ऑक्टोबरअखेर शेजारच्या युनिटात बसलेला असू शकतो. नोव्हेंबरच्या मध्यावर माजाचा काळ सुरू होतो, वर्षभर दडून बसलेले म्हातारे नर माद्यांमागे भरदिवसा उघड्यावर येतात. म्हणून तर उशिराच्या सीझनचे कट-ऑफ आकाशाला भिडलेले.

एवढं कळल्यावर मी सरकारी वन्यजीव खात्यातल्या त्या भागाच्या जीवशास्त्रज्ञाला फोन लावला. लोक हे करत नाहीत. करावं. हे लोक मनापासून बोलतात, फक्त “मोठा नर कुठे आहे?” असं विचारू नये, त्यावर पलीकडून एक दमलेला सुस्कारा येतो. मी विचारलं, बर्फ पडल्यावर कळप कुठल्या बाजूने उतरतो, आणि त्या उतारावर सरकारी जमीन किती. पुढे बराच वेळ मी नुसतं लिहून घेत होतो. नकाशा उघडून बघितला तर सुरेख उतार, भरपूर सरकारी जमीन, आणि तिच्या चारही बाजूंनी खाजगी रँच. आत जायला हेलिकॉप्टर तरी हवं, नाहीतर आपण रँचवाल्याचे जावई असणं आवश्यक.

याच सुमारास न्यू जर्सीहून मेव्हण्याचा फोन आला. त्याला यूट्यूबवर काहीतरी दिसलं होतं आणि आता त्याला आमच्याबरोबर ‘ग्रुप अर्ज’ करायचा होता. मी आनंदाने ते पाटलांना सांगितलं. पाटलांच्या हातातला कप तसाच राहिला. कोलोरॅडोत ग्रुप अर्जाला सगळ्यात कमी पॉइंट असलेल्याचे पॉइंट धरतात. म्हणजे मेव्हणा आत आला की पाटील, त्यांची तपश्चर्या आणि मुलीचं बालपण, सगळं शून्य. पाटील त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला खरी युक्ती सांगितली. पहिल्या पसंतीला डी-पी-९९९-९९-पी हा कोड टाकायचा. हे युनिट नव्हे. याचा अर्थ ‘मला नुसता पॉइंट द्या’. आणि दुसऱ्या पसंतीला असं युनिट टाकायचं ज्याच्या मागे कुणी लागलेलं नाही. पॉइंट वाढतो, परवानाही मिळतो. “आणि ते एकच युनिट दरवर्षी,” पाटील म्हणाले. “फेब्रुवारीत जा, ऑगस्टमध्ये जा, दुर्बीण लावून बस. आठवड्यात सापडत नाही ते पाच वर्षांत सापडतं.” मला हे पटलं. कुणाला न लागणाऱ्या स्वर्गापेक्षा पायाखालचा उतार बरा. अर्थात हे सांगणारा माणूस स्वतः मात्र वीसेक वर्षं स्वर्गाच्याच रांगेत उभा होता, ही गोष्ट मी बोलून दाखवली नाही.

उरला सीझन. तक्ता बायकोपुढे ठेवला. तिने तीन प्रश्न विचारले. फोनला रेंज आहे का? मुक्कामाच्या ठिकाणी हीटर चालतो का? आणि तारखा काय?

तिसरा सीझन: मंडळाचा दिवाळी कार्यक्रम, बटाटेवडे तळायची जबाबदारी माझ्याकडे, दोनशे माणसं. खोडला. चौथा सीझन: थँक्सगिव्हिंगचा आठवडा, मेव्हणा सहकुटुंब येणार. मी म्हटलं, तो येणार म्हणूनच तर चौथा बरा. तिने नुसतं बघितलं. खोडला. उरला दुसरा, ऑक्टोबरअखेरचा. तेव्हा माज सुरू झालेला नसतो, बर्फाचा भरवसा नसतो, म्हातारे नर गर्द झाडीत निवांत बसलेले असतात. आणि नेमकं म्हणूनच कट-ऑफ जवळजवळ नाही.

मंगळवारी रात्री आठला काही मिनिटं असताना मी बटण दाबलं. मेअखेरीस निकाल लागला. मला परवाना, वर एक पॉइंट. पाटलांचं ४४ पुन्हा एका पॉइंटने हुकलं. ऑफिसात कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. दुपारी तेच माझ्या टेबलाशी आले, हॅट काढली, खुर्ची ओढली.

“तुझ्या युनिटची उत्तरेकडची धार मला माहितेय. माझ्याकडे स्पॉटिंग स्कोप आहे, तंबू आहे, जिन्नस वाहून आणायला माणूस लागेलच.”

“या ना.”

“बंदूक नाही आणणार मी. माझा परवाना नाही.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून, “गेल्या वर्षी दिवाळीला तू ऑफिसात आणलं होतंस ना, गोल गोल, तिखट, काटेरी... ते आण. दोन डबे.”