सहा चाकांना सारखी ताकद? कुणी सांगितलं?

१९६० आणि ७० च्या दशकांतल्या सहाचाकी उभयचर गाड्या (जायगर, अटेक्स, मॅक्स, टेरा टायगर ही त्यातली नावं) दुरुस्त करणाऱ्यांमध्ये चाकं फिरवणाऱ्या चेनच्या मांडणीवरचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. तो एका मित्राकडेही पोचला आणि त्याने टोकाच्या ॲक्सलवरची ५० नंबरची चेन काढून त्याहून पातळ ४० नंबर बसवायचं नक्की केलं. नवे स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) मागवायच्या आत त्याला आणि बाकीच्यांनाही थांबवायला हवं.

मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य असं आहे: ‘ताकद सहा चाकांत समान वाटली जाते. टोकाच्या चेनवर त्या बाजूचा फक्त तिसरा हिस्सा भार येतो, तिथे पातळ चेन चालते.’

चालत नाही. एका बाजूची तिन्ही चाकं चेनने एकमेकांना जखडलेली असतात. त्यांचा वेग सारखा असतो, जोर सारखा नसतो. ज्या चाकाला पकड मिळते तिकडे जोर जातो. काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये जोर वाटून देणारा डिफरन्शियल असतो, पण तो डाव्या आणि उजव्या बाजूंमध्ये. पुढच्या, मधल्या आणि मागच्या चाकांत वाटणी करणारं काहीच नसतं. आता पाण्यातून खड्या काठावर चढणारी गाडी बघा. नाक वर, मधलं चाक जेमतेम टेकलेलं, सगळं वजन मागच्या चाकांवर. त्या क्षणी मागच्या ॲक्सलच्या चेनवर जवळजवळ त्या पूर्ण बाजूचा भार असतो. उतारावर ब्रेक मारताना तोच प्रकार पुढच्या चेनचा.

हिशोबच करू. माणसांसकट गाडी ४०० किलो धरा, म्हणजे एका बाजूला २०० किलो. पकडीचा गुणांक ०.७ आणि चाकाची त्रिज्या २६ सेंटीमीटर घेतली तर ॲक्सलवर साधारण ३५७ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. ५० नंबरच्या १८ दाती स्प्रॉकेटची पिच त्रिज्या (केंद्रापासून चेनच्या पिनांपर्यंत) ४५.७ मिलिमीटर, म्हणजे चेनमध्ये ताण ७.८ किलोन्यूटन. ४० नंबरचं १८ दाती स्प्रॉकेट लहान असतं, ३६.६ मिलिमीटर त्रिज्येचं. तिथे हाच ताण ९.८ वर जातो. चेन पातळ केली आणि ताण वाढवून घेतला! आयएसओ ६०६ या चेनच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये एकपदरी चेनची किमान तुटण्याची ताकद दिली आहे: ५० नंबरला (तिथे तिचं नाव १०ए) २१.८ किलोन्यूटन, ४० नंबरला (०८ए) १३.९. म्हणजे पहिलीत २.८ पट राखीव आणि दुसरीत जेमतेम १.४ पट. हेही झटका न धरता. हवेत फिरणारं चाक अचानक दगडावर पकड घेतं तेव्हा काय होईल ते यात आलेलंच नाही.

शिवाय अशा बहुतेक गाड्यांत चाकाजवळ ब्रेक नसतो. ब्रेक गिअरबॉक्सकडे, आणि तो चाकापर्यंत पोचतो चेनमधूनच. वळणंही एका बाजूला रोखून घ्यायचं असतं. गिअरबॉक्सकडून येणारी पहिली चेन तुटली की त्या बाजूची ओढ, ब्रेक आणि वळण तिन्ही एकदम जातात. पाण्यात चाकंच वल्ही असल्यामुळे गाडी जागच्या जागी गोल फिरत राहते. चेनवर वाचवलेलं किलोभर वजन तेव्हा काय कामाचं?

‘एकच लांब चेन ही सर्वोत्तम मांडणी’ हा पुढचा शोध. भाग कमी लागतात, हे खरं. पण सरळ ओळीतल्या तीन स्प्रॉकेटवरून एक चेन फिरवली तर मधल्याला ती नुसती घासून जाते, दोन-तीन दातेही धड पकडत नाहीत. तिला खाली दाबायला आयडलर (नुसतं फिरणारं जादा चाक) लावावा लागतो, म्हणजे भाग वाढलेच. गिअरबॉक्सकडून मधल्या ॲक्सलला एक चेन आणि तिथून पुढे-मागे एकेक, ही मांडणी बरी: पहिल्या चेनवर पूर्ण भार असला तरी टोकाची चेन तुटली तर उरलेली दोन चाकं चालतात. गिअरबॉक्सकडून मागच्याला, मागून मधल्याला आणि मधल्याकडून पुढच्याला अशी साखळी केली तर प्रत्येक जोडाची ढिलाई पुढच्या चाकापर्यंत साठत जाते, आणि मधली चेन दोन चाकांचं ओझं वाहते.

‘चेन जितकी घट्ट तितकी चांगली’ यात नाइलाजाने अर्धं खरं मानतो. या गाड्यांत भाराची दिशा सतत उलटते, म्हणून नेहमीच्या निम्माच झोळ (चेनचा सैलपणा) ठेवायचा: केंद्रांमधल्या अंतराच्या १ ते २ टक्के. ६०० मिलिमीटर अंतर असेल तर मध्यावर ६ ते १२ मिलिमीटर. पण शून्य नाही. प्लॅस्टिक किंवा फायबरची बॉडी आणि फ्रेम लवते तेव्हा अंतर बदलतं, आणि ताणलेली चेन ॲक्सलची बेअरिंग खाते. चाक हळूहळू फिरवा, चेन सगळ्यात घट्ट होईल ती जागा शोधा आणि झोळ तिथेच मोजा. मेसेजात सुचवलेला स्प्रिंगचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) मात्र नको. ब्रेक लागला की ढिली बाजू घट्ट होते, स्प्रिंग दबते आणि चेन दात्यावरून उडी मारते. बोल्टने आवळायचा आयडलरच लावा.

मेसेजातला ग्रीस चोपडायचा सल्ला सोडून द्या. ते पिन आणि बुशच्या फटीत शिरत नाही, वर वाळू धरून ठेवतं. पाण्यातून आल्यावर गाडीच्या तळातलं पाणी आधी काढा, मग चेन पुसून आतल्या कडेने तेल.

‘आवाज आला की चेन बदला’ हेही ढोबळच. चेन ताणून १२ पिच मोजा (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर). ५० नंबरची नवी चेन १९०.५ मिलिमीटर भरते. १९६.२ झाली की ती ३ टक्के वाढलेली आहे, टाकून द्या. आवळायची सोयच नसेल तर १९३.४ लाच. स्प्रॉकेटचे दाते हुकासारखे वाकले असतील तर तेही सोबत बदला, नाहीतर नवी चेन त्यांच्याबरोबर झिजेल. लांबी सम पिचमध्येच ठेवा, म्हणजे हाफ लिंकचा कमकुवत दुवा लागणार नाही. चेन लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद टोक पुढे जाताना चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला.