फोटोच्या कडेला आलेला पत्रा

आज सकाळी आपल्याच मित्रमंडळातील एकाने खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचे फोटो टाकले आणि खाली लिहिले, ‘मंदिर अप्रतिम, पण शेजारच्या पत्र्याच्या घरांनी विचका केला आहे, ती हटवायला हवीत.’ त्यातल्या एका फोटोच्या कडेला अर्धवट दिसणारा पत्रा माझ्या आत्याच्या घराचा आहे.

स्वर्गमंडपाच्या ४८ खांबांमध्ये उभे राहून वरच्या गोल मोकळ्या छतातून आकाश पाहिले की माझेही भान हरपते, त्यामुळे शिलाहार राजांच्या त्या कामाचे मोल मला कोणी समजावू नये. पण २०१९ च्या महापुरात आत्याच्या घराची मागची भिंत कोसळली आणि कृष्णेचे पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो, तेव्हा देव्हाऱ्याच्या फळीच्याही वर गाळाची सरळ रेघ उमटलेली होती. आत्याने डबे घासले, जमीन सारवली, पण रेघ पुसली नाही. ‘पुढच्या खेपंला पाणी कुठवर येतंय ते कळायला नको व्हय रं?’ २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलेच.

तिला जोते चार फूट उचलून घर बांधायचे आहे. संरक्षित स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. बंदीच्या पट्ट्यात परवानगी घेऊन डागडुजी करता येते, पण घराची उंची वाढली की ते नवे बांधकाम ठरते. म्हणजे आत्याने पूर्वीच्याच ठेंगण्या जोत्यावर पूर्वीचीच भिंत लिंपावी आणि श्रावणाची वाट पाहावी. अर्जाची पोच आणि पुराचा पंचनामा तिने एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगला आहे, कारण घरातील सर्वांत उंच जागा तीच.

हा नियम नसता तर मंदिराला खेटून एव्हाना तीन मजली लॉज उभा राहिला असता, हे मान्य. कोल्हापुरात अंबाबाईच्या मंदिराच्या दरवाजांबाहेर काय झाले ते आपण रोज पाहतोच. पण आपल्या शाहूपुरीत पाणी शिरले, तेव्हा ‘घरे उंच करा’ असे सांगणारे आपणच होतो ना? रविवारी जायचे, खांबाला टेकून फोटो काढायचा, येताना नृसिंहवाडीचे पेढे घ्यायचे आणि घरी येऊन तिथल्या माणसांनाच हटवा म्हणायचे, याची मला खरोखर चीड येते.

त्या मित्राच्या पोस्टखाली मी फार कडक शब्दांत लिहिले होते, नंतर पुसून टाकले. तो वाईट माणूस नाही, त्याला फक्त पत्रा दिसला. दुपारी आत्याला फोनवर त्याची ओळ वाचून दाखवली, तर ती हसतच सुटली. म्हणाली, ‘पत्रा खराब झालाय हे खरंच हाय की. बदलायची परवानगी कुठं मिळती, ते त्यालाच इचार.’