अथेन्सचं मोठं गटार रोमनांनी बांधलेलं नाही

‘ग्रीकांनी देवळं बांधली, गटारं मात्र रोमनांनी शिकवली’ असा मजकूर अथेन्सच्या अगोरातल्या दगडी नाल्याच्या फोटोसह फिरतोय. फोटो खरा, मजकूर चुकीचा.

अगोरा म्हणजे शहराचा मुख्य चौक. तिथला मोठा नाला इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. रोमन सेनापती सुल्लाने अथेन्स घेतलं ते इ.स.पू. ८६ मध्ये, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. नाला साधारण एक मीटर रुंद आणि तेवढाच खोल, तळाशी दगडी फरशा. अक्रोपोलिस आणि अरियोपागस टेकड्यांवरून धो धो उतरणारं पावसाचं पाणी तो चौकाच्या पश्चिम कडेने उत्तरेला एरिडानोस ओढ्यात सोडायचा. पुढे इ.स.पू. चौथ्या शतकात त्याला फाटे जोडले गेले. १९३१ पासूनच्या उत्खननात तो साफ झाला आणि आजही पाणी वाहून नेतो. (हे वाचून आपल्या नालेसफाईची आठवण येणारच.)

अर्थात रोमही मागे नव्हतं. तिथल्या क्लोआका मॅक्सिमा या मोठ्या गटाराची सुरुवात परंपरेने इ.स.पू. सहाव्या शतकातली मानतात. पण त्यावरून अथेन्सचा नाला रोमन ठरत नाही.