‘सीई खूण आहे ना, मग शर्यतीलाही चालेल’? नाही चालणार

स्की शर्यतीला उतरणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: ‘शर्यतीचं वेगळं हेल्मेट हा निव्वळ कंपन्यांचा धंदा. चाचणी सगळ्यांची एकच, तीही ताशी २० किलोमीटरला. मागचं लेबल म्हणजे स्टिकर. हेल्मेटचा कानांवरचा भाग मऊ असलेला बरा, ऐकू तरी येतं. एक नंबर मोठं घ्या आणि तडा जाईपर्यंत वापरा.’

चाचणी एकच असते, हे वाक्यच चुकीचं आहे. सीई खूण म्हणजे हेल्मेट युरोपीय नियमांत बसतं याची खूण. त्यासाठीच्या ईएन १०७७ या युरोपीय मानकात हेल्मेट सेकंदाला सुमारे ५.४ मीटर (ताशी साधारण २० किलोमीटर) वेगाने कठीण पृष्ठभागावर आदळवतात. म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडल्यासारखं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या म्हणजे ‘फिस’च्या आरएच २०१३ या निकषात तोच वेग ६.८ मीटर (ताशी साधारण २५ किलोमीटर) होतो. आकडा फक्त सव्वापट वाढलेला दिसतो, पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती दीडपटीहून जास्त होते. मर्यादा मात्र तीच: हेल्मेटमध्ये बसवलेल्या डोक्याच्या साच्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या वर जाता कामा नये. शिवाय शर्यतीच्या या हेल्मेटला ईएन १०७७ चा ‘ए’ वर्ग (डोक्याचा जास्त भाग झाकणारा) आणि अमेरिकेचं एएसटीएम एफ २०४० ही दोन्ही मानकंही पार करावी लागतात. हा फरक स्टिकरचा नाही, आतल्या फोमचा आणि कवचाचा आहे.

‘उतारावर ८०-१०० चा वेग, चाचणी २०-२५ ला, मग उपयोग काय?’ प्रश्न चांगला आहे, फक्त त्यातला हिशेब अर्धा आहे. वेगात उतरणारा माणूस पडतो तेव्हा त्याचा बहुतेक वेग उताराला समांतर असतो. तो घसरण्यात, लोळण्यात खर्च होतो. डोकं बर्फावर आपटतं ते लंब दिशेच्या वेगाने, आणि तो बराचसा पडण्याच्या उंचीवर ठरतो. चाचणी पाहते ती याच भागाकडे. मात्र खांबावर किंवा झाडावर सरळ जाऊन धडकलात तर हा हिशेब लागू होत नाही. तिथे कुठलंच हेल्मेट पुरं पडणार नाही. म्हणून तर शर्यतीच्या मार्गाला जाळ्या आणि गाद्या लावतात. तिरक्या आघाताने डोक्याला जो पीळ बसतो, तोही या चाचण्यांत मोजला जात नाही. मिप्ससारखा आतला सरकता थर त्यासाठी असतो. तो असलेला चांगलाच, पण तो आरएच २०१३ ची जागा घेत नाही.

लेबलबद्दल थोडंच. डाउनहिल, सुपर-जी आणि जायंट स्लॅलम या स्की शर्यतींच्या तिन्ही प्रकारांत फिसचा नियम आरएच २०१३ चं लेबल मागतो. ते हेल्मेटच्या मागच्या बाजूला, निघणार नाही असं लावलेलं असतं. नसेल तर हेल्मेट कितीही दणकट असो, सुरुवातीच्या फाटकापाशीच अडाल. लहान वयोगटांत राष्ट्रीय संघटनांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून खरेदीआधी आपल्या संघटनेचं नियमपत्रक वाचा.

मऊ कानांची परवानगी फक्त स्लॅलमला, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीला आहे. बाकी तिन्ही प्रकारांत कवचानेच कान झाकलेले हवेत, कारण डोकं कुठल्या बाजूने आपटेल ते आपण ठरवत नाही. कानाजवळचा भाग हा कवटीचा नाजूक भाग. ऐकू येण्याचं म्हणाल, तर बऱ्याच कडक कानांच्या हेल्मेटना तिथे छिद्रं असतात. हनुवटीपुढची दांडी मात्र स्लॅलमचीच. तिथे फाटकाचे खांब तोंडावर येतात. जायंट स्लॅलमच्या आधी ती काढून ठेवा. कवचावर कॅमेऱ्याचा माउंट चिकटवणं शर्यतीत चालत नाही.

आता तडा. पुष्कळ हेल्मेटच्या आत असतो तो ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोलच. तो एकदा चेपून ऊर्जा शोषतो, पुन्हा फुगत नाही. बाहेरचं कवच लवचीक असल्याने ते पूर्ववत होतं आणि चेपलेला भाग त्याखाली लपून जातो. त्यामुळे जोराचा आघात झाला की, तडा दिसो न दिसो, हेल्मेट बदला. काही हेल्मेटमध्ये असणारा ईपीपी हा दुसरा फोम बराचसा पूर्वपदावर येतो, पण मोठ्या आघातानंतर त्याच्याही भरवशावर राहू नका.

आणि तो एक नंबर मोठा! या सगळ्या सल्ल्यात मला सर्वांत घातक वाटतो तो हाच. सैल हेल्मेट पहिल्या आपटीलाच मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. मग आत ६.८ ची चाचणी पार केलेला फोम असला काय, नसला काय. भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. आत टोपी न घालता हेल्मेट चढवा, पट्टा न लावता मान हलवा: कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. पट्ट्याखाली एकच बोट जावं. शेवटी गॉगल लावून बघा. हेल्मेटची कड आणि गॉगल यांच्यात कपाळाची पट्टी दिसत असेल किंवा कडेमुळे गॉगल नाकावर दाबला जात असेल, तर दुसरं मॉडेल घालून पाहा.