विठ्ठलातला 'ठ्ठ' आणि शुट्झचं जर्मन

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुना वाद पुन्हा पेटला. धाकट्या चुलतबहिणीने मैफलीत मारवा रागात मराठी बंदिश गायली. तीस वर्षं गाणं शिकवणाऱ्या आमच्या काकांना ते रुचलं नाही. मराठी कडक, व्यंजनांनी ठासून भरलेली. ख्यालाला ब्रजच, म्हणजे जुन्या बंदिशींची ती हिंदी बोलीच हवी, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूने कुणी मराठीला २०२४ मध्ये मिळालेला अभिजात भाषेचा दर्जा पुढे केला. पण सरकारी दर्जाने भाषा गळ्यात कशी उतरणार?

हे सगळं मी लाइपझिगमध्ये, आमच्या चर्चच्या गायनवृंदाच्या तालमीला निघताना वाचत होतो. सध्या सतराव्या शतकातला जर्मन संगीतकार हाइनरिश शुट्झ याची १६४८ची मोटेट्स, म्हणजे वृंदाने गायची धार्मिक गीतं, बसवतोय. हा संग्रह त्याने याच शहराच्या नगरपालिकेला आणि थॉमस शाळेच्या गायनवृंदाला अर्पण केला होता. पहिला अर्धा तास आम्ही गातच नाही, ओळ नुसती बोलतो. 'या, डेर गाइस्ट श्प्रिश्ट', म्हणजे 'होय, आत्मा म्हणतो'. तीस जणांचा शेवटचा 'श्ट' एकाच क्षणी पडेपर्यंत आमच्या वृंदसंचालक बाई पुढे जाऊ देत नाहीत. आणि मग लगेच 'ते आपल्या श्रमांपासून विसावतात' ही ओळ येते, संथ, लांब स्वरांची. आधीची व्यंजनं अशी कडक पडली नसती तर तो विसावा जाणवलाच नसता.

जर्मन भाषा कानाला गोड म्हणून कुणी नावाजत नाही. शुट्झ १६०९ मध्ये व्हेनिसला जोव्हान्नी गाब्रिएली या संगीतकाराकडे शिकायला गेला. १६११ मध्ये छापलेलं त्याचं पहिलं पुस्तक इटालियन माद्रिगालांचं, म्हणजे कवितांवर बांधलेल्या अनेक आवाजांच्या गीतांचं होतं. तिथेच थांबला असता तरी नाव झालंच असतं. पण ड्रेस्डेनच्या दरबारी आल्यावर, १६१९ मध्ये, त्याने मार्टिन ल्यूथरच्या जर्मन बायबलमधली स्तोत्रं अनेक वृंदांसाठी बांधली. प्रस्तावनेत बजावलं की लय आवरा, शब्द कळू द्या. नाहीतर ऐकणाऱ्याला ती माश्यांची लढाई वाटेल. कसब व्हेनिसचं, पण आघात मात्र जर्मन बोलण्याचे.

काकांचं सगळंच चुकतंय असं नाही. ब्रजच्या बंदिशी पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झाल्यात, त्या टाकून देण्याचं कारण नाही. शुट्झनेही लॅटिन रचना सोडल्या नव्हत्या. शिवाय बऱ्याच मराठी बंदिशी खरंच फसतात. 'पिया'च्या जागी 'प्रिया' बसवून जुन्याच चालीवर शब्द चिकटवले की आघात भलतीकडेच पडतो. पण तो दोष बांधणाऱ्याचा आहे. भाषेच्या माथी तो का मारायचा? भीमसेनजींच्या अभंगातला 'विठ्ठल' आठवा. तो 'ठ्ठ' छातीवर आदळतो, म्हणून तर पुढचा 'ल' इतका मोकळा होतो. हे व्यंजन अडसर असतं तर आपण त्या एका शब्दासाठी रात्र रात्र बसलो असतो का?

बहिणीने रेकॉर्डिंग पाठवलं, ते ट्राममध्ये तीनदा ऐकलं. मुखड्यातला 'आभाळ' समेवर येतो आणि तो 'ळ' ती घाईने गिळत नाही, जीभ उलटी वळून सुटेपर्यंत थांबते. काका, ती ओळ एकदा न गाता, आपण गच्चीत बसून बोलतो तशी बोलून बघा. मग पुन्हा लावा.